मागचे दार सगळ्यांचे करा

ऐतिहासिक घर दिव्यांगांना पाहता यावे असा विषय निघाला की बैठकीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "दारात रॅम्प टाकून देऊ." दुसरे, "तसे कोणी आलेच तर मागच्या बाजूने आत घेऊ." पहिल्या वाक्यात मोजमाप नसते, दुसऱ्यात विचार.

सोलापुरात हा प्रश्न खऱ्याखुऱ्या घरांचा आहे. भैय्या चौकाजवळचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर महापालिकेने स्मारक म्हणून जपले आहे. अप्पासाहेब वारदांचे इंद्रभुवन पालिकेच्या ताब्यात आहे. अक्कलकोटला राजवाडे आहेत, शहराच्या जुन्या पेठांत दगडी जोत्याचे वाडे आहेत. यातली काही वास्तू पालिकेच्या म्हणजे तुमच्याआमच्या मालकीच्या आहेत. भुईकोट किल्ल्यात एक खिळा ठोकायचा तर केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे बोट दाखवता येते. पालिकेच्या घराबाबत बोट दाखवायला कोणी उरत नाही.

आधी मागच्या दाराबद्दल, कारण सगळा घोळ तिथे आहे. बऱ्याच वाड्यांची पुढची बाजू उंच जोत्यावर असते आणि परसाची बाजू जवळजवळ जमिनीलगत. तिकडून पाणी, सरपण, जनावरे यायची. चाकाची खुर्ची तिथून सहज आत जाते, म्हणून व्यवस्थापनाला ते दार सोयीचे वाटते. पण मागच्या दाराला आपल्याकडे इतिहास आहे. वाड्यात पुढून कोण यायचे आणि मागून कोणाला यावे लागायचे, हे या जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आज त्याच दारावर निळी पाटी लावून "दिव्यांग प्रवेश" लिहायचे, त्याला कुलूप घालायचे आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो शिपाई जेवायला गेलेला असायचा, याला सोय म्हणत नाहीत.

मात्र दार सपाट असेल तर ते वाया घालवणेही शहाणपणाचे नाही. मग ते दार सगळ्यांचेच करावे. तिकिटाचे टेबल मागे हलवा, चपलांचे कपाट मागे हलवा, माहिती सांगणारा माणूस मागे उभा करा. प्रत्येकाने दर्शनी बाजू, दिंडी दरवाजा, जोत्यावरची नक्षी आधी बाहेरून पाहावी आणि घराला वळसा घालून परसातून आत यावे. वळशाची वाट किमान ४ फूट रुंद, एकसंध आणि खडीविरहित हवी, एवढी एकच अट. दर्शनी दरवाजातून आत शिरण्याची मजा थोडी जाते, हे खरे. पण शाळेच्या सहलीतला कुबडी घेतलेला मुलगा चाळीस जणांच्या रांगेत रांगेतलाच राहतो. व्यवस्थापनालाही एकच दार, एकच पहारेकरी पुरतो.

मागचे दार सपाट नसेल, तर रॅम्पला पर्याय नाही. तिथे गणित करावे लागते आणि ते सोपे आहे. उंचीच्या बारापट लांबी. जोते ३ फूट उंच असेल तर चढ ३६ फूट लांब. सलग चढ ३० फुटांपेक्षा, म्हणजे साधारण ९ मीटरपेक्षा, जास्त नको, म्हणून मध्ये ५ फुटांचा सपाट टप्पा. खाली आणि वर खुर्ची वळवायला पुन्हा ५-५ फूट. बेरीज ५१ फूट. एवढी जागा वाड्यापुढे नसते, म्हणून रॅम्प मध्येच दुमडून परत आणावा लागतो.

प्रत्यक्षात होते काय? ठेकेदार जोत्याची उंची मोजत नाही, उपलब्ध जागा मोजतो. बारा फूट जागा मिळाली की बारा फुटांचा उतार. ३ फुटांच्या जोत्याला हे प्रमाण एकास चार झाले. अशा चढावर खुर्ची एकट्याने चढत नाही, मागून ढकलायला दोन माणसे लागतात. उतरताना तर ती पुढे कलते आणि बसलेला माणूस तोंडावर पडू शकतो. चढ कसाबसा जमला तरी उतरताना जीव मुठीत धरावा लागतो, हे रॅम्प बांधणाऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण तो त्यावरून चालत उतरतो. निविदेत नुसते "रॅम्प, १ नग" असे लिहू नये. उंची, लांबी, रुंदी (४ फूट), टप्पे आणि कठडे आकड्यांत लिहावेत. काम झाल्यावर तपासणीही कोणीही करू शकते. ४ फुटी सरळ पट्टी चढावर ठेवा, वर पाणसळ (गवंड्याची लेव्हल) ठेवून पट्टी समतल करा आणि खालच्या टोकाशी पट्टी व रॅम्प यांच्यातले अंतर मोजा. ४ इंचांपेक्षा जास्त भरले तर बिल थांबवा.

उंचीइतकेच महत्त्व पृष्ठभागाला. शहाबादी फरशी आपल्याकडे शेजारून येते, स्वस्त पडते आणि घरात उत्तम. पण पॉलिश केलेली शहाबादी चढावर पावसात साबणासारखी होते. चढाला टाकी मारलेली खरबरीत फरशी घ्यावी. खरबरीत म्हणून चौकड्यांच्या खोल खाचांची टाइल नको, कारण खुर्चीची पुढची छोटी चाके त्यात अडकतात आणि कुबडीचे टोक घसरते. लोखंडी चेकर्ड प्लेटचा रॅम्प झटपट होतो, पण एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात तो तव्यासारखा तापतो. स्टीलच्या कठड्याचेही तसेच. दुपारी बारानंतर त्याला हात लावून दाखवावा. कठडा दोन्ही बाजूंना, ७६ आणि ९० सेंटिमीटर अशा दोन उंचींवर, मुठीत मावेल इतका गोल, दोन्ही टोकांना ३० सेंटिमीटर पुढे काढलेला हवा आणि त्यावर लाकडी किंवा पीव्हीसीचे आवरण हवे. कडेला ३-४ इंचांची कड ठेवली नाही तर चाक बाहेर जाते.

जुन्या भिंतीशी हा रॅम्प जोडायचा कसा, यावर मात्र तडजोड नको. सिमेंट काँक्रीटचा उतार थेट दगडी जोत्याला चिकटवला तर पावसाचे पाणी सांध्यात साचते, सिमेंट ते बाहेर पडू देत नाही, ओल वर चढते आणि चुन्यात किंवा पांढऱ्या मातीत बांधलेली भिंत आतून भुसभुशीत होते. वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, असेल तर त्याचे वजन त्याच भिंतीवर आहे. रॅम्प स्वतःच्या पायावर उभा हवा, जोत्यापासून दोन इंच सुटा, फट वरून सुट्या पट्टीने झाकलेली आणि खालून पाणी वाहून जाईल अशी. उद्या नकोसा झाला तर घराचा एक दगडही न हलवता काढता आला पाहिजे.

आणि पायऱ्या काढून टाकू नका. रॅम्प सगळ्यांनाच हवा असतो हा गैरसमज आहे. कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा) आणि कुबड्या वापरणाऱ्याला लांब चढापेक्षा सहा इंची, रुंद पायरी आणि हाताशी भक्कम कठडा असला तर जास्त सोपे जाते. गुडघे दुखणाऱ्या आजीचेही तेच. दोन्ही शेजारी शेजारी असावेत.

"रॅम्प कशाला, आम्ही चौघे उचलून नेतो" असे म्हणणारे भेटतात आणि मनापासून म्हणतात. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्या शहरात खांदे कमी पडायचे नाहीत. पण माणूस म्हणजे नंदीध्वज नव्हे. हाताच्या बाजूंनी उचलली की त्या बाजू सुटून हातात येणाऱ्या खुर्च्या पुष्कळ आहेत. विजेवरची खुर्ची माणसासकट दीडशे किलोच्या घरात जाते. आणि ज्याला उचलले जाते त्याला कोणी विचारलेले नसते.

दाराशी पोहोचलो की उंबरा. चार इंचांचा, सागाचा, कधी पितळी पट्ट्यांचा. नियम सांगतो की उंबरठा १२ मिलिमीटरपेक्षा उंच नको. म्हणून कोणी उत्साहाने करवत चालवेल, तर तो वास्तूशी केलेला अपराध आहे. हळदकुंकू लागलेली ती वस्तू स्वतःच पाहण्याची आहे. दोन्ही बाजूंना लाकडी सुटी पाचर बसवावी. हिशेब तोच, चार इंचांना चार फूट. बाहेरची बाजू जमते, आतली पडवी अरुंद असेल तर अडते. म्हणूनच कामाला हात घालण्याआधी प्रत्येक दाराची दोन मापे घ्यावीत: उंबऱ्याची उंची आणि दोन्ही फळ्या पूर्ण उघडल्यावरची मोकळी रुंदी. ९० सेंटिमीटर हवी, ८० असेल तर सरळ रेषेत जाता येते, ७० च्या खाली आपली खुर्ची बाहेर ठेवावी लागते. जुनी दारे बिजागरीवर नसतात, चुळीवर, म्हणजे फळीच्याच वरखालच्या खुंट्यांवर, फिरतात. त्यामुळे बिजागरी बदलून दोन इंच मिळवण्याची नेहमीची युक्ती इथे चालत नाही. अशा दाराची एक फळी काळजीपूर्वक उतरवून, खूण करून, कोरड्या जागी ठेवणे हा बरा मार्ग. घरात एक अरुंद खुर्ची तयार ठेवावी. पण स्वतःच्या खुर्चीतून दुसरीत बसणे प्रत्येकाला जमत नाही, तेव्हा हा उपाय सक्तीचा करू नये.

इथे तीनचाकी सायकलीचा विषय येतो. परदेशी नियमपुस्तकात तो सापडणार नाही. आपल्या जिल्ह्यातून येणारा कित्येक दिव्यांग माणूस हाताने फिरवायच्या तीनचाकीवर किंवा बाजूला जादा चाके लावलेल्या स्कूटरवर येतो. ही वाहने कोणत्याच दारातून आत जात नाहीत. दारापासून ३० मीटरच्या आत त्यांना सावलीतली जागा हवी, रुंदी ३.६ मीटर, आणि तिथेच आतली खुर्ची आणून देणारा माणूस. नाहीतर माणूस दारापर्यंत येतो आणि तिथून जमिनीवर हात टेकत जातो.

चपलांची पाटीही तशीच. स्मारकात चपला काढाव्यात ही आपली रीत आणि ती चांगलीच आहे. पण कॅलिपरला बूट जोडलेला असतो. तो काढला की पाय उभा राहत नाही. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला तापलेल्या फरशीवर अनवाणी चालायला लावले तर फोड आलेला त्याला घरी गेल्यावर कळतो. पाटीवर एक ओळ वाढवावी: "वैद्यकीय कारणासाठी पादत्राणे घालता येतील." चाकांसाठी दाराशी ओले पायपुसणे पुरते.

आता माडीचा प्रश्न, ज्यावर सगळ्यात जास्त भांडणे होतात. जुना जिना भिंतीत बसवलेला, अडीच फूट रुंद, पायरी नऊ-दहा इंचांची. त्यावर जिन्यालगत सरकणारी खुर्ची बसवली तर रूळ लाकडी पायऱ्यांत ठोकावे लागतात आणि रूळ बसल्यावर इतरांना चढायला जागा उरत नाही. पट्ट्यांवर चालणारे जिना-यंत्र पायऱ्यांच्या कडा खाते. बाहेरून, परसात, स्वतःच्या सांगाड्यावर उभी लिफ्ट करून माडीच्या एखाद्या खिडकीचे दार करणे शक्य असते. पण कड्या-तुळयांवरची जमीन तेवढी माणसे पेलेल का, हे अभियंत्याने तपासल्याशिवाय नाही. माझे मत असे, की छोट्या घरात लिफ्टच्या मागे लागू नये. त्याऐवजी मांडणी उलटी करावी. पाहण्यासारखे जे सर्वांत मोलाचे, ते तळमजल्यावर. माडीवर कार्यालय, साठवण, दुय्यम वस्तू. आपल्याकडे नेमके उलटे होते: खाली ऑफिस आणि पंख्याखाली टेबल, वर इतिहास. वरची खोलीच जन्मखोली असेल, हलवता येणारच नसेल, तर तिचा चित्रफितीतला फेरफटका खाली दाखवावा, पण तो खोली पाहिल्याच्या बरोबरीचा आहे असे भासवू नये.

डॉ. कोटणीसांचे उदाहरण इथे नुसते स्थानिक म्हणून घेतलेले नाही. १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, फेफऱ्याच्या झटक्यांनी गेला. फेफरे बाहेरून दिसत नाही. चित्रफितीत किंवा प्रकाशयोजनेत झपाट्याने लुकलुकणारा उजेड असला तर काहींना झटका येऊ शकतो. अशा डॉक्टरच्या स्मारकात तरी तसला उजेड असू नये. आणि मध्ये मध्ये, ४५ सेंटिमीटर उंचीची, हात टेकायला बाजू असलेली बाके असावीत. दम लागणाराही दिव्यांग असू शकतो.

अंधांसाठी बहुतेक ठिकाणी ब्रेल फलक लावून विषय संपवतात. फलक सहा फुटांवर भिंतीला ठोकलेला असतो, तिथे बोटे पोहोचत नाहीत. कधी फ्लेक्सवर ठिपके नुसते छापलेले असतात, उठावच नसतो. एक कडक नियम करावा: ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीने फलक बोटांनी वाचून मराठी मजकुराशी जुळवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. फलक कमरेच्या उंचीवर, तिरका. पण ब्रेल न शिकलेले, उतारवयात दृष्टी गेलेले लोक खूप असतात, त्यांना ऐकू येणारी माहिती हवी. सोलापुरात ती मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत हवी, नाहीतर निम्मे शहर बाहेर राहते. क्यूआर कोडभोवती उठावाची चौकट नसेल तर अंध माणसाला तो सापडणारच नाही.

त्याहून मोठी गोष्ट स्पर्श. अस्सल वस्तूला हात लावू देता येत नाही, पण स्टेथोस्कोप, जुन्या घाटाची शस्त्रक्रियेची अवजारे, दाराची चूळ, घराचा लाकडी नमुना हे सगळे हाताळायला ठेवता येते. गिरणगावातल्या घरात धोटा, बॉबिन आणि जॅकार्डची चादर उलटसुलट हाताने पाहता आली तर डोळस मुलेही आधी तिथेच गर्दी करतील. मार्गदर्शकाने "इथे, तिथे" हे शब्द सोडावेत. "तुमच्या उजव्या हाताला, चार पावलांवर खिडकी" असे बोलावे. दंड धरून ओढू नये, आपला कोपर धरायला द्यावा.

बहिऱ्यांसाठी चित्रफितीला मराठी ओळी आणि भारतीय खुणांच्या भाषेतला माणूस हवा. आणि फुकटातली एक सुधारणा: माहिती सांगणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये. वाड्यात एकाच बाजूने उजेड येतो, त्यामुळे बोलणाऱ्याचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत.

स्वच्छतागृहावर थोडक्यात, कारण चुका नेहमीच्याच आहेत. ते जुन्या भिंतींच्या आत घालू नये, ओल शिरते. परसात वेगळे बांधावे. आतली जागा २.२ बाय २ मीटर, दार बाहेर उघडणारे किंवा सरकते, भांड्याची बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटर, एका बाजूला भिंतीला आणि दुसऱ्या बाजूला दुमडणारा आधाराचा दांडा, हाताशी फवारा, जमिनीपासून ३० सेंटिमीटरपर्यंत लोंबणारी मदतीची दोरी. पडलेला माणूस तिथूनच ओढणार. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात वेगळी टाकी. आणि झाडू-बादल्या ठेवायची जागा दुसरीकडे, नाहीतर महिन्याभरात हीच अडगळीची खोली होते.

"वारसा बिघडेल" हा आक्षेप ज्या घरात येतो, त्या घरात एकदा वर बघावे. तुळईला ठोकलेला पंखा, भिंतीवरून गेलेली पांढरी वायरपट्टी, सीसीटीव्ही, ट्यूबलाइट, दर्शनी कमानीवर उद्घाटनाचा फ्लेक्स. यातल्या कशालाही कोणी परवानगी मागितली नव्हती. वारसा आठवतो तो नेमका खुर्ची दाराशी आल्यावर. दुसरा आक्षेप, "येतेच कोण?" २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग मोजले गेले आणि तेव्हाची व्याख्या आजच्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांपेक्षा अरुंद होती. दारात तीन पायऱ्या असतील तर आत कोणी दिसत नाही, यात नवल काय?

कायदा तर स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे नियम जून २०१७ मध्ये आले. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षे होती. ती जून २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कायदा सक्ती करतो आणि सुगमतेची मानके सांगणारा नियम १५(१) मात्र नुसती शिफारस करतो, हे चालणार नाही. "जमेल तसे करू" या वाक्याला आता आधार उरलेला नाही. दिव्यांग म्हणा की अपंग, उंबरा चार इंचांचाच राहतो.

पैशाबद्दल एक मुद्दा खुपतो. पालिकांनी उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो आणि असा रॅम्प त्यातून करण्याचा मोह होतो. तो करू नये. तो निधी माणसांच्या उपजीविकेसाठी, साधनांसाठी आहे. छताची गळती आपण "छताखाली बसणाऱ्यांच्या निधी"तून काढत नाही. इमारतीच्या देखभालीतून काढतो. रॅम्प, कठडा, स्वच्छतागृह हे इमारतीचेच भाग आहेत.

काम पूर्ण व्हायला वर्ष-दोन वर्षे लागतील. तोवर अर्ध्या दिवसात आणि एका मोजपट्टीत होणारे काम आहे, ते आधी करावे: घराची खरी माहिती दारावर, फोनवर आणि इंटरनेटवर देणे. "दिव्यांगांसाठी सोयी उपलब्ध" हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण कोणत्या सोयी हेच त्यात नाही. बार्शीहून किंवा पंढरपूरहून रिक्षा, एसटी करून येणाऱ्याला घरातून निघण्याआधी ठरवता आले पाहिजे. मजकूर असा असावा: "पुढच्या दारात ३ पायऱ्या, प्रत्येकी ७ इंच, डावीकडे कठडा. मागच्या दारात पायरी नाही, उंबरा २ इंच, रुंदी ८२ सेंटिमीटर. तळमजल्यावर चार खोल्या, खुर्चीने तीन पाहता येतात. माडीवर १४ पायऱ्या, लिफ्ट नाही. खुर्चीसाठीचे स्वच्छतागृह नाही, जवळचे इतक्या अंतरावर. चाकाची खुर्ची एक, रुंदी ५८ सेंटिमीटर. सकाळी १० ते ५ या वेळात या क्रमांकावर माणूस फोन उचलतो." शेवटची ओळ लिहिण्याआधी तो क्रमांक सलग तीन दिवस, वेगवेगळ्या वेळी लावून पाहावा.